‘सोपी’ सहल कोणासाठी सोपी?

दिवाळी आटोपली की पुढील उन्हाळ्याच्या सहलींची माहितीपत्रके घरोघरी येऊ लागतात. अलीकडे त्यांत मार्गदर्शकासह गडचढाई असते, हिमालयातील पदभ्रमण असते, बर्फाळ खिंडीही असतात. प्रत्येक सहलीपुढे ‘सोपी’, ‘मध्यम’ किंवा ‘कठीण’ असा शेरा असतो. साठी-सत्तरीतील वाचकांनी केवळ या शेऱ्यावर विसंबून पैसे भरू नयेत. तो शेरा पायांच्या कष्टांचा असतो, आणि तेही बहुधा तिशीतल्या पायांच्या.

लेहचे उदाहरण घ्या. सारे फिरणे गाडीतून, म्हणून सहल ‘सोपी’. परंतु समुद्रकाठच्या मुंबईतून निघालेला माणूस विमानाने काही तासांत सुमारे ३५०० मीटर उंचीवर पोहोचतो. तेथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी मिळतो. उंचीचा त्रास होईल की नाही, हे तुम्ही किती चालता यापेक्षा ती उंची किती वेगाने गाठता यावर अधिक अवलंबून असते. रोज पाच किलोमीटर फिरणाऱ्या आजोबांना यातून सूट नाही; व्यायामशाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातवालाही नाही.

म्हणून आयोजकाकडे प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून मागा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असा साधारण नियम आहे. विमानाने लेहला उतरल्यावर हा नियम पहिल्याच दिवशी मोडलेला असतो; तेव्हा निदान पुढचे दोन दिवस तेथेच स्वस्थ राहणे आवश्यक ठरते. दुसऱ्याच सकाळी ५३५९ मीटरवरील खारदुंग ला दाखवणारी सहल कितीही स्वस्त असली तरी ती आपल्यासाठी नव्हे.

डोकेदुखी व मळमळ सुरू झाली की आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढणे, चालताना तोल जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या व्यक्तीला तत्काळ खाली न्यावे. प्राणवायूचे नळकांडे उतरेपर्यंतचा आधार आहे, उतरण्याला पर्याय नाही. उंचीच्या त्रासावरील गोळ्याही शेजाऱ्यांकडून उसन्या घेऊ नका. काहींना त्या चालत नाहीत.

केदारनाथची गोष्ट निराळी. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची वाट आणि एका दिवसात सुमारे १६०० मीटर चढ. मंदिर ३५८३ मीटरवर. घोडा किंवा डोली घेतली तर गुडघे वाचतात, उंची वाचत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या सह्याद्रीत उंचीची ही भीती नाही. कळसूबाई झाली तरी १६४६ मीटर. येथे कस लागतो तो उतरताना. चढताना दम लागला तर थांबता येते. उतरताना मात्र प्रत्येक पावलाचा भार गुडघ्यांवर येतो, आणि दिवसाच्या शेवटी थकलेले पायच घसरतात. ज्यांचे गुडघे जिना उतरताना दुखतात, त्यांनी शिडीच्या वाटा टाळाव्यात.

तयारीला तीन-चार महिने हवेत. छातीत दुखत नसेल व हृदयविकार नसेल, तर चार मजले न थांबता चढून पाहा. वर पोहोचल्यावर एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर आधी तपासणी, मग सहल. पुण्यातील वाचकांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. त्या सहज जमू लागल्यावर पाठीवर पिशवी घेऊन सिंहगडाकडे वळावे.

काही औषधांविषयीही सांगायला हवे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. मनगटी घड्याळातील आकडा पाहून ‘अजून दम आहे’ असे समजू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातील पाणी घटते. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर लांब चालण्याने एकाएकी उतरू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. थंडीत ते अंगालगतच्या खिशात ठेवावे.

आयोजकाला एक प्रश्न अवश्य विचारा : “मला अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, तर माझ्यासोबत कोण उतरेल?” उत्तरात नेमका माणूस नसेल, ‘तशी वेळ येत नाही’ असे आश्वासन असेल, तर दुसरा आयोजक पाहावा.

मुलांनाही थोडे सांगायचे आहे. आईबाबांच्या पंचाहत्तरीला अचानक लडाखची तिकिटे हाती ठेवू नका. त्यात त्यांना तयारीला वेळच मिळत नाही. सहल हातची जाईल या भीतीने अर्जातील ‘रक्तदाब’, ‘मधुमेह’ हे रकाने कोरे सोडू नका. डोंगरात त्यांना सांभाळणाऱ्याजवळ तेवढीच माहिती असणार आहे. आरोग्य प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडे जाताना मुक्कामांच्या उंचीचा कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, पैसे भरण्यापूर्वी जा.