जुनी व्हॅन : खरेदीची किंमत आणि खरी किंमत

आष्टीसारख्या गावात दुकान आणि घर यांचा भार बहुधा एकाच वाहनावर असतो. आठवडाभर परतूर किंवा जालन्याहून माल आणावयाचा, आणि सवडीच्या दिवशी त्याच गाडीतून मुलाबाळांसह जिंतूरजवळच्या नेमगिरीला किंवा कचनेरला दर्शनास जावयाचे. या दोन्ही कामांना व्हॅनइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. भांडवल मालात गुंतावे, गाडीत नव्हे, या विचाराने अनेक व्यापारी नवीन गाडीऐवजी जुनी ओम्नी किंवा ईको घेतात. हा विचार चुकीचा नाही. मात्र अपुरा आहे. गाडी ज्या रकमेला मिळते ती केवळ पहिली नोंद होय. उरलेल्या नोंदी इंजिन, पत्रा आणि कागद हे तिघे मिळून पुढे करीत राहतात.

मारुती उद्योगाने ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आणली आणि १९८८ पासून ती ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन ७९६ सीसीचे. नव्या सुरक्षा निकषांत ती बसणे शक्य नसल्याने २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या ईकोचे इंजिन ११९६ सीसीचे होते. दोन्हींची रचना साधी असल्याने तालुक्याच्या गॅरेजमध्येही त्यांची कामे होतात, हा त्यांचा मोठा गुण.

इंजिन काय सांगते

या गाड्यांचे इंजिन पुढील आसनांखाली असते आणि रेडिएटर पुढे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, माल भरलेल्या गाडीत, पहिली परीक्षा होते ती थंडाव्याच्या व्यवस्थेची. कूलंटऐवजी कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतलेले असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात, इंजिन तापते आणि शेवटी हेड गॅस्केट जाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस, किंवा इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर ही त्याची लक्षणे. म्हणून गाडी पाहावयाची ती थंड इंजिनावर, सकाळी. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल तर परत सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जावे.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. ओम्नीत हा बेल्ट रबरी असतो. तो केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून ती रक्कम भावातून वजा करावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट संपत आलेली असते. या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जाते. म्हणून निघताना 'टक्' असा आवाज आल्यास प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस झिजलेले समजावे. पोती वाहून मागचे पाटे बसलेले असतील तर गाडी मागून झुकलेली दिसते. टायरवरील नक्षी खोल असली तरी त्याचे वय पाहावे. कडेवरील चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात.

पत्रा काय लपवितो

इंजिन दुरुस्त होते. सडलेला पत्रा मात्र गाडीला लागलेली वाळवीच. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात गाडीच्या तळाला चिकटतो आणि ओल धरून ठेवतो. चटई उचलून तळ, सरकत्या दारांची खालची पट्टी आणि चाकांवरील कमानी आतून पाहाव्यात. ताजा रंग हे गुणाचे लक्षण नव्हे. बहुधा ते प्रश्नाचे लक्षण असते.

गाडीत सीएनजी किंवा एलपीजी असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे काय, हे आधी पाहावे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी आवश्यक आहे. नोंद नसलेले किट स्वस्त वाटते. परंतु त्याच गाडीत घरची मुले बसतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न याच किटचा विचारते.

वहीतील बाजू

उदाहरणादाखल वर्षाला ६,००० किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीस ४०० लिटर म्हणजे ४२,००० रुपये लागतील. तीच गाडी १२ किलोमीटर देऊ लागली तर ५०० लिटर, म्हणजे ५२,५०० रुपये. दुर्लक्षाची ही १०,५०० रुपयांची रक्कम कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर महाराष्ट्रात ती भंगारात काढावीच लागते हा समज खरा नाही. फिटनेस तपासणीनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मात्र त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही हवी. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' मिळाली तर पुढील वर्षाचा हा खर्च आजच भावात मोजावा.

दुकानाच्या नावावरील व्हॅन विकणाऱ्या जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने आणखी एक नोंद लक्षात ठेवावी. खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतलेली नसेल आणि आयकरात घसारा घेतलेला असेल, तर विक्रीची रक्कम आणि गाडीचे घसारा वजा जाता उरलेले मूल्य यांतील फरकावर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर लागतो. ७०,००० रुपये मूल्य उरलेली गाडी ९०,००० ला विकली, तर २०,००० वर ३,६०० रुपये. फरक उणे असेल तर कर नाही.

सर्वांत महाग कागद

गावात ओळखीचा माणूस गाडी घेऊन जातो; 'नाव नंतर करून घेऊ' म्हणतो; आणि ते 'नंतर' येत नाही. येथेच विक्रेता सर्वाधिक गोत्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात स्पष्ट केले की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याचेच. विकलेल्या गाडीच्या अपघातासाठी जुन्या मालकास न्यायालयात उभे राहावे लागणे ही कल्पित भीती नव्हे.

त्यामुळे नमुना २९ आणि ३० यांवर व्यवहाराच्या दिवशीच सह्या व्हाव्यात. राज्यातील विक्री असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. आष्टीच्या मंडळींसाठी हे कार्यालय जालना येथे आहे. कर्ज फिटलेले असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरील बोजा उतरवावा. विमाही १४ दिवसांत खरेदीदाराच्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याची लेखी अट दोन्ही बाजूंस हितकारक ठरते.

एक मर्यादा कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. ओम्नीत चालक आणि समोरचा धक्का यांच्यामध्ये फारसे अंतर नाही. दुकान ते बाजार या धावेस ती उत्तम; रात्रीच्या महामार्गावर सारे कुटुंब घेऊन जाण्यास नव्हे. त्या प्रवासाला भाड्याची नवी गाडी वर्षातून चार वेळा केली, तरी तो खर्च हिशेबात बसतो. व्यापारी माणूस उधारीत जशी बुडीताची तरतूद ठेवतो, तशी जुन्या गाडीसाठी दरमहा एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी. ज्या घरात ही नोंद वेळच्या वेळी होते, तेथे जुनी व्हॅन खरोखरच स्वस्त पडते.