एक इंचही न सोडता...

कैरो ते केप टाऊन, सुमारे १२,००० किलोमीटर, चार महिने सायकल! २००३ साली सुरू झालेल्या 'टूर द आफ्रिक'मध्ये एकही इंच न सोडणारा 'ईएफआय' म्हणून मिरवतो. मला नाही पटत बुवा.

इथिओपियात निळ्या नाईलच्या घळीपाशी पोट बिघडलं म्हणून कोणी ट्रकमध्ये बसला, दुपारच्या थांब्यावर टोमॅटो चिरले, दमून आलेल्यांच्या बाटल्या भरल्या, तर तो हरला? तंबू-सामान ट्रक वाहतो, स्वयंपाकी रांधतो, शेवटचा सायकलवाला रेंगाळलेल्यांना सांभाळून आणतो. मग ते इंच एकट्याचे कसे?

आमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असे. त्यापायी तापाने फणफणलेली पोरं वर्गात येऊन बसत, अन् आठवड्यात निम्मा वर्ग आजारी! (टाळ्या मीही वाजवल्यात, कबूल.)