पत्र्याखालच्या घरांचा वाटा

छतावर सौरपॅनेल बसवणाऱ्या घराला केंद्र सरकार 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान देते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेसाठी 75 हजार 21 कोटी रुपये ठेवले आहेत. योजना चांगलीच आहे. पण पॅनेल पेलणारे स्वतःचे छत ही तिची पहिली अट आहे. गोवंडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा पुण्याच्या जनता वसाहतीत राहणाऱ्या भाडेकरूने ते कुठून आणायचे? त्याच्या डोक्यावर पत्रा आहे, आणि तोही घरमालकाचा.

एप्रिल-मेमध्ये हा पत्रा दिवसभर तापतो, रात्रीही खोली निवत नाही. पंखा अठरा-अठरा तास फिरतो. साधा 75 वॉटचा पंखा तेवढ्या वेळात महिन्याला 40 युनिट खातो. बीएलडीसी मोटरचा 30 वॉटचा पंखा 16 युनिटांत भागवतो. दोन पंखे बदलले तर 48 युनिट वाचतात. शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो, त्यामुळे 130 युनिटांचे बिल 82 वर येणे ही गरीब घरासाठी मोठी गोष्ट आहे. मात्र असा पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. बचत महिन्यामहिन्याने येते आणि किंमत एकदम मोजावी लागते. रोजंदारीवरच्या कुटुंबाचे घोडे अडते ते इथेच.

यावरचा उपाय आपल्याच देशात करून पाहिलेला आहे. 2015 च्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिवे घाऊक खरेदी केले. 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा दिवा 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. अनेक राज्यांत लोकांनी सुरुवातीला दहा रुपये भरले आणि उरलेली रक्कम बिलातून फेडली. पंख्यालाही हीच रीत लावावी. हप्ता बचतीपेक्षा कमी ठेवला, तर बिल पहिल्याच महिन्यापासून उतरेल. ज्यांचा मीटर मालकाच्या नावावर आहे, त्यांना वस्तीतल्या महिला बचत गटामार्फत पंखा द्यावा. खोली बदलली तर भाडेकरू तो काढून बरोबर नेऊ शकतो.

पत्र्याचे मात्र तसे नाही. मालकाच्या पत्र्यावर भाडेकरू खर्च करणार नाही, आणि मालकाला तो उकाडा सोसावा लागत नाही. म्हणून पत्रा थंड ठेवण्याचे काम महापालिकेनेच करायला हवे. पत्र्याला उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, की आतले तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. मे 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2017 पासून झोपडपट्ट्यांची छपरे रंगवायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले.

महाराष्ट्रातल्या महापालिकांची अंदाजपत्रके उन्हाच्या तोंडावरच मांडली जातात. नागपूर, अकोला, पुणे, मुंबई, प्रत्येक शहराने त्यात वस्त्यांची छपरे रंगवण्यासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी, आणि राज्य सरकारने पंख्यांच्या हप्त्याची हमी घ्यावी. छत असलेल्याला 78 हजार देणाऱ्या व्यवस्थेने पत्र्याखालच्या घराला दोन पंखे आणि रंगाचा एक हात नाकारू नये.