अंगणातले गाणे व गाणाऱ्याचे मोल

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या खेड्यांतील गाण्याला ती तंतोतंत लागू पडते. मुलाच्या वरातीपुढे डीजेचा ट्रक उभा करण्यासाठी जो यजमान उसनवारी करून हजारो रुपये मोजतो, तोच दारी आलेल्या गोंधळ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. ट्रकावरील भोंग्यांनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही मुले दचकून उठतात, आणि रात्री काय ऐकले हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. गोंधळ्याने रात्री सांगितलेली कथा मात्र घरातील म्हातारी वर्षभर नातवंडांना सांगत असते. तरी मोल कोणाला जास्त? ह्या उरफाट्या व्यवहाराविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे आज आम्हाला भाग आहे.

शहरांतून अलीकडे एक चाल निघाली आहे. कोणाच्या तरी घरी तीस-चाळीस माणसे जमतात, सतरंजीवर बसतात, आणि हातभर अंतरावर बसलेल्या कलावंताचे गाणे ऐकतात. चाल उत्तम आहे. परंतु ती नवीन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आमच्या अंगणात येऊन पाहावे. लग्नानंतर घरी गोंधळ घालणे किंवा खंडोबाचे जागरण करणे ही घरातल्या गाण्याची बैठक नव्हे तर काय? पाटावर धान्याचा चौक भरलेला असतो, दिवटी पेटलेली असते. संबळ कडाडतो, त्याला तुणतुण्याची व झांजेची साथ मिळते. मुख्य गोंधळी आधी गावोगावच्या देवतांना आवतण देतो व मग आख्यान लावतो. त्याचा जोडीदार मध्येच अडाणीपणाचे सोंग घेऊन प्रश्न विचारतो. ह्या प्रश्नाने ऐकणारे हसतात, आणि पुढची कथा कान देऊन ऐकतात. जागरणात वाघ्याची दिमडी व घाटीचा नाद ह्यांवर रात्र सरते. ह्यांपैकी कशालाही भोंगा लागत नाही. ओसरीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत संबळ आपल्या पायांनी चालत जातो.

ह्या बैठकीचे खरे बळ जवळिकीत आहे. मोठ्या मंचावरील कलावंताला समोर अंधार दिसतो. अंगणातील कलावंताला माणसे दिसतात. म्हातारी डोळे पुसू लागली की तो तो प्रसंग लांबवतो, पोरे पेंगू लागली की जोडीदाराला डिवचतो. घरधन्याचे नाव, गावचा दुष्काळ, यंदाचा कांद्याचा भाव, हे सारे तो आख्यानात गोवतो. आज म्हटलेले उद्या जसेच्या तसे येत नाही. म्हणून ही विद्या नुसत्या तबकडीत भरून ठेवता येत नाही. ती तोंडातून कानात जाते, आणि ऐकणारे कान संपले की तोंडही मिटते.

परंतु जुन्या काळाचे पोवाडे गाण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. जुन्या गावगाड्यात गोंधळ्याचे नाव अलुतेदारांत होते. त्याचा हक्क सुगीच्या पसाभर दाण्याचा, आणि तोही धन्याच्या मर्जीवर. रात्रभर त्याच्या मुखाने देव बोलावयाचा, आणि सकाळी त्याचे ताट वेगळे मांडावयाचे, असा तो मान होता. कलेला भीक व कलावंताला कमीपणा, ही ह्या समाजाची जुनीच रीत आहे. जे दरबारात गायिले गेले ते शास्त्र ठरले व जे अंगणात गायिले गेले ते गावठी ठरले. ही वाटणी सुरांनी केलेली नाही, ती गाणाऱ्यांच्या जाती पाहून झालेली आहे.

ह्या रीतीचे फळ काय, ते विठाबाई नारायणगावकर ह्यांच्या आयुष्यावरून दिसते. ह्या थोर तमाशा कलावतीचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ साली त्या वारल्या, त्या पैशाच्या विवंचनेत. त्यांच्या मरणानंतर सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. जित्याला मीठ-भाकरी नाही आणि मेल्यावर ढोल-ताशे, असा हा प्रकार आहे. वृद्ध कलावंतांना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन मिळते. २०२४ साली ते दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. ही गोष्ट चांगली झाली. पण हे मानधन हातपाय थकल्यावरचे आहे. हातपाय चालू असताना, गळ्यात आवाज असताना कलावंताने काय खावे? ह्याचे उत्तर सरकारने नव्हे, ऐकणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

घरातील व वस्तीतील लहान बैठकीत किती शक्ती असते, हे बहुजनसमाजाला कोणी नव्याने शिकवावयास नको. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याचा विचार खेडोपाडी गेला तो जाड ग्रंथांनी नव्हे, जलशांनी. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला सावकाराच्या वहीतील खोटे आकडे व भिक्षुकाच्या दक्षिणेचा हिशेब जलशाने समजावून दिला. त्यासाठी तमाशाचाच साचा घेतला व आतला मजकूर बदलला. १९३० नंतर भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे काढले. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) गावोगावच्या वस्त्यांतून गात फिरले. ह्या मंडळींजवळ ना नाट्यगृह होते, ना तिकीटविक्रीची खिडकी. कंदिलाचा उजेड आणि दाटीवाटीने बसलेली माणसे एवढेच त्यांचे भांडवल.

आणि आमच्या आयाबहिणींचे काय? त्यांना तर दुसऱ्याचे अंगणही लाभले नाही. पहाटेचे जाते हीच त्यांची बैठक. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांनी आपल्या सोबत्यांसह खेड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर ह्यांनीही लोकसाहित्याच्या संग्रहासाठी आयुष्य वेचले. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. बाईचे दळणाचे कष्ट वाचले ह्याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्या ओव्यांत तिने सासुरवासाची, बापभावाची व पंढरीची हकीकत सांगितली, त्या ऐकण्यासाठी आता मुद्दाम बसावे लागेल.

येथे आमचे कांही सुधारक बंधू विचारतील, "अहो, गोंधळ-जागरण म्हणजे नवस-सायास आणि अंधश्रद्धा. ती तुम्ही पुन्हा घरात आणता की काय?" शंका रास्त आहे. जागरणाच्या नावाखाली पोटच्या मुली देवाला वाहून मुरळ्या केल्या गेल्या, हे पाप कोणीही विसरू नये. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या 'सोमवंशीय मित्रा'तून ह्या चालीवर आसूड ओढला. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात व २००५ साली महाराष्ट्रात कायदे झाले. ह्याविषयी आमचे मत निःसंदिग्ध आहे. नवस सोडावा, गाणे धरावे. जलसेवाल्यांनी जुन्याच साच्यातून नवे ज्ञान दिले, मग आपण तेच का करू नये? वाटीत माशी पडली म्हणून कोणी म्हैस विकत नाही.

आता करावयाचे काय, ते सांगतो. सुगी आटोपल्यावर वस्तीतील एखाद्या घरी महिन्याला एक बैठक ठरवावी. समजा चाळीस माणसे आली व प्रत्येकाने २०० रुपये दिले, तर ८,००० रुपये होतात. चार कलावंतांना प्रत्येकी १,५०० म्हणजे ६,००० गेले. उरलेल्या दोन हजारांत त्यांचे जाणे-येणे व सर्वांचा पिठलं-भाकरीचा बेत होतो. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने पायलीभर ज्वारी द्यावी किंवा सतरंज्या अंथराव्या. पण त्यालाही पुढेच बसवावे. बिदागीचा आकडा आधी ठरवावा व तो सर्वांसमक्ष हातात द्यावा. ओवाळणीच्या ताटात पैसे फेकण्याची रीत बंद करावी. गाणे चालू असता मोबाइल उगारू नये. टिपून घ्यावयाचे तर गाणाऱ्याची परवानगी घ्यावी, कारण ते त्याच्या पोटाचे साधन आहे. एक बैठक केवळ बायकांच्या ओव्यांची असावी, आणि त्यांनाही बिदागी द्यावी. घरची बाई म्हणून फुकट, हा हिशेब आता पुरे.

ह्या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. गाणे संपल्यावर कलावंत, यजमान व ऐकणारे ह्या सर्वांनी एकाच पंक्तीला बसावे. ज्या घरात संबळाला टाळी मिळते पण संबळ वाजविणाऱ्याला वेगळे ताट मिळते, त्या घरी बैठक न भरलेली बरी.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरच्या पुढल्या कार्याचा खर्च तुम्ही लवकरच मांडाल. त्या यादीत डीजेच्या रकमेवर काट मारून त्या जागी आपल्या पंचक्रोशीतील गोंधळ्याचे, वाघ्याचे किंवा शाहिराचे नाव लिहा. त्याच्या मुलाने बापाचे तुणतुणे खुंटीला टांगून गाव सोडण्याआधी लिहा.