मते मोजली, नोंद कोठे?

लोकसभेच्या 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत कोणत्या उमेदवारास किती मते पडली, हे निवडणूक आयोगाच्या अहवालात आजही सापडते. ग्रामपंचायतीच्या मतांना हे भाग्य नाही. मुळशी तालुक्यातील सूस, म्हाळुंगे ही गावे 2021 साली पुणे महापालिकेत गेली आणि त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. तेथील जुन्या निवडणुकांचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पौडची तहसील कचेरी गाठावी. पुढचे सारे दप्तराच्या प्रकृतीवर! शिवाय ही निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. साहजिकच निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष सर्वाधिक सरपंच आपलेच असल्याचे सांगतो आणि त्याला खोटे ठरविणे कोणास जमत नाही.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठी स्थानिक संस्थानिहाय माहिती सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी मागितली, तेव्हा राज्य सरकारपाशी ती नव्हती.

अशी माहिती फुकट जमत नाही, हे अमेरिकेने ओळखले. 2008 च्या निवडणुकीची मतदान केंद्रनिहाय माहिती जमविण्यासाठी तेथील केंद्र सरकारने पाच राज्यांना प्रत्येकी 20 लाख डॉलरचे अनुदान दिले. आपल्याकडे निवडणुकीचे ओझे शिक्षक व कारकून वाहतात. ही नोंदवहीही त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. सरकारने राज्य निवडणूक आयोगामार्फत प्रत्येक तालुक्यास त्यासाठी स्वतंत्र अनुदान द्यावे. आकडे मात्र प्रभागाच्या खाली जाऊ नयेत. मुळशी धरणाकाठच्या एखाद्या लहान वाडीने कोणास मत दिले, हे ओळखण्यास फार हिशेब लागत नाही.