रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका

संपादक महोदय,
घाटात गाडी तापली की रेडिएटरमध्ये ताबडतोब गार पाणी ओतावं, हा मागच्या अंकातल्या पत्रातला सल्ला वाचून राहवलं नाही. हे जिवावर बेतू शकतं. बंद झाकणाखाली पाण्यावर दाब असतो, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. खंबाटकी घाटात माझ्या थोरल्या भावाचा हात असाच मनगटापासून कोपरापर्यंत भाजला; शर्टाची बाही कातडीला चिकटली होती. शिवाय तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

काटा लाल खुणेकडे सरकताच एसी बंद करून गाडीतला हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनातली तेवढी उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा. झाकण गार लागल्यावरच जाड फडकं धरून हळूहळू सैल करा. कूलंट नसेल तर साधं पाणी चालेल, पण गॅरेज गाठेपर्यंतच.

सुट्ट्यांत अनेक कुटुंबं घाट चढतील. ही दुरुस्ती कृपया ठळक छापावी.

– एक वाचक, वाई