भाकीत, वेळापत्रक आणि ऐझॉलचा विजय

यंदाच्या आंतरशालेय फुटबॉल-स्पर्धेंत आपला संघ उपान्त्य सामन्यांत एका गोलानें हरला, हें सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत संघांतले चार-पांच विद्यार्थी आमच्याकडे आले. त्यांची तक्रार अशी होती कीं, स्पर्धेंत अकरा संघ असल्यामुळें पहिल्या फेरींत चिठ्ठ्या टाकून पांच संघांना बाय देण्यांत आली, ती आपल्या वांट्याला आली नाहीं. आपला संघ लागोपाठ तीन दिवस तीन सामने खेळला, आणि तिसऱ्या दिवशीं ज्या संघाशीं गांठ पडली तो त्यापूर्वीं एकच सामना खेळून ताज्या दमानें मैदानावर उतरला होता. "सर, हा कोणता न्याय?" असा त्यांचा प्रश्न होता.

खिलाडू वृत्तीवर चार शब्द बोलण्याची आमची तयारी झाली होती. इतक्यांत आपला गोलरक्षक हळूच म्हणाला, "सर, तुम्ही तर शिक्षकांच्या खोलींत म्हणालां होतां कीं, आम्ही पहिल्याच फेरींत बाद होऊं. मग आम्ही हरलों कीं जिंकलों?"

ह्या प्रश्नास त्या क्षणीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें येथें देण्याचा यत्न करीत आहों. हंगामाच्या आरंभीं एखाद्या संघाविषयीं बांधलेली अपेक्षा आणि शेवटीं त्याला मिळालेलें फळ यांत अंतर पडलें, तर तें अंतर संघाच्या गुणांचें मानावें, कीं वेळापत्रकाच्या कृपेचें? आपल्याच देशांतील २०१६-१७ सालच्या आय-लीग स्पर्धेचें उदाहरण ह्या कामीं फार उपयोगी आहे.

मिझोरमची राजधानी ऐझॉल. तेथील ऐझॉल फुटबॉल क्लब २०१५-१६ सालीं प्रथमच देशाच्या ह्या वरिष्ठ स्पर्धेंत आला, आणि नऊ संघांत त्याचा आठवा क्रमांक लागला. त्याच्याहि खालीं पुण्याचा डी. एस. के. शिवाजियन्स हा संघ होता. परंतु त्याला नव्यानें थेट प्रवेश दिलेला असल्यामुळें नियमाप्रमाणें खालच्या वर्गांत उतरवितां येत नव्हतें. सबब सर्वांत शेवटचा नसूनहि ऐझॉलला उतरावें लागलें. पुढें गोव्याच्या साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपे ह्या तीन नामांकित संघांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतलें, तेव्हां ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. म्हणजे जो नियम त्याच्यावर कठोर झाला त्याचें परिमार्जन नियमानें झालें नाहीं. दुसऱ्यांनीं जागा सोडली म्हणून ह्याला जागा मिळाली. अशा संघाकडून विजेतेपदाची अपेक्षा कोण करणार?

त्या वर्षीं दहा संघ होते. प्रत्येकानें इतर नऊ संघांशीं दोनदां, एकदां आपल्या घरीं व एकदां त्यांच्या घरीं, खेळावयाचें होतें. ऐझॉलनें अठरांपैकीं अकरा सामने जिंकले, चार बरोबरींत सोडविले व तीन गमावले. त्याचे गुण ३७ झाले, आणि कलकत्त्याच्या मोहन बागानचे ३६. ता. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉल येथें ह्या दोन संघांची गांठ पडली, ती झोहमिंगलियाना राल्टे याच्या एकमेव गोलानें निकालांत निघाली. शेवटचा सामना ता. ३० एप्रिलला शिलाँग येथें होता. प्रथम शिलाँग लाजाँगनें गोल केला. उत्तरार्धांत विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली. त्याच दिवशीं मोहन बागाननें आपला सामना जिंकला, तरी एका गुणानें तो मागेंच राहिला. ईशान्य भारतांतील संघ देशाचा लीग-विजेता होण्याची ही पहिलीच वेळ होती.

हा चमत्कार होता काय? वर्तमानपत्रांना चमत्कार हा शब्द प्रिय असतो. इंग्लंडांत २०१५-१६ सालीं लेस्टर सिटीनें अजिंक्यपद मिळविलें, त्याच्या आरंभीं पैजा घेणाऱ्यांनीं त्या संघावर एकास पांच हजार असा भाव लावला होता. तेव्हांहि हाच शब्द सर्वतोमुखीं झाला. परंतु ऐझॉलच्या पूर्ववृत्ताकडे नीट पाहिलें असतां निराळें दिसतें. ज्या २०१६ सालीं हा संघ खालीं उतरला, त्याच सालीं तो फेडरेशन कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला होता. तेथें मोहन बागाननें त्याचा पांच गोलांनीं पाडाव केला, आणि लोकांनीं पाडाव तेवढा लक्षांत ठेविला. नवे प्रशिक्षक खालिद जमील यांनीं कित्येक वर्षें मुंबई एफ. सी. हा बेताच्या साधनांचा संघ वरिष्ठ वर्गांत टिकवून धरला होता. तें पद २०१६ सालीं सुटल्यावर ते ऐझॉलला गेले. पूर्वीं त्याच मुंबईच्या संघाकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हेहि तेथें खेळले. पुढें २०२५ सालीं जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि मुंबई एफ. सी. मात्र ऐझॉलच्या विजयाच्याच हंगामांत खालच्या वर्गांत उतरला. तेव्हां विजयाची सामग्री डोळ्यांसमोर होती. अंदाज करणाऱ्यांनीं ती मोजली नाहीं, एवढेंच. भाकीत हें बहुधा कालच्या गुणतक्त्याची नक्कल असतें, आणि नक्कल करणाऱ्याला आपण विचार केला असें वाटत असतें.

आतां वेळापत्रकाचा विचार करूं. साखळी पद्धतींत सर्वांचे प्रतिस्पर्धी तेच असतात, त्यामुळें सोपे सामने मिळाले म्हणून अमुक संघ जिंकला, असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. तथापि ही पद्धतहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. त्याच हंगामांत मोहन बागान व बंगळूर एफ. सी. ह्यांना आशियाई स्पर्धेचे सामनेहि खेळावे लागत होते. ऐझॉलला तो भार नव्हता. उलट ऐझॉलला डोंगरांतून निघून दोनदां कलकत्ता, शिवाय गोवा, मुंबई, पुणें, बंगळूर, तामिळनाडू, पंजाब व शिलाँग इतका प्रवास घडला. इतरांना त्या डोंगरांत एकदांच जावयाचें होतें. निर्णायक सामन्याचा वारहि पाहा. ता. ३० एप्रिल हा रविवार होता. आणि मिझोरमचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती असून तो वार उपासनेसाठीं निष्ठेनें पाळतात. वेळापत्रक आंखणाऱ्याच्या कागदावर तो इतर वारांसारखाच एक वार असतो.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, सर्वांना सारखें जाचणारें किंवा सर्वांना सारखें सुखावणारें वेळापत्रक जगांत नाहीं. परंतु अठरा सामन्यांत एकाचा लाभ व दुसऱ्याची गैरसोय यांची बरीचशी वजाबाकी होऊन जाते, आणि जें उरतें तें पुष्कळसें संघाच्या गुणांचें असतें. मोहन बागानला आशियाई सामन्यांचा शीण झाला असेल; पण तो मान त्यानें पूर्वीं स्वतःच कमावला होता. ऐझॉलला जागा इतरांच्या माघारीमुळें मिळाली. पण सदतीस गुणांपैकीं एकहि गुण कोणीं दान दिला नाहीं. द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. अकराव्या घटकेस बोलावलेल्याला मजुरी पुरी मिळाली, ही धन्याची कृपा. पण मैदानावरची मजुरी निराळ्या हिशेबानें मिळते, हेंहि विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आपल्या शालेय स्पर्धेची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती बाद पद्धतीची. तेथें एका पराभवानें सर्व संपतें, आणि वजाबाकी होण्यास दुसरा सामनाच उरत नाहीं; म्हणून चिठ्ठीचा प्रभाव अधिक. साखळी पद्धत स्वीकारा म्हणणें सोपें आहे. परंतु अकरा संघांनीं एकमेकांशीं एकेकदांच खेळावयाचें म्हटलें तरी पंचावन्न सामने होतात, आणि बाद पद्धतींत ते दहा होतात. तेवढे दिवस व तेवढीं मैदानें शाळांना कोठून मिळणार? म्हणून पद्धत न बदलतां तिच्यांतील अन्याय कमी करावा, हें बरें. चिठ्ठ्या सर्व संघांच्या कर्णधारांसमक्ष टाकाव्या. उपान्त्य सामन्यापूर्वीं सर्वांनाच एक दिवस विसांवा द्यावा. आणि ज्यांना बाय मिळाली त्यांचा पुढील सामना शक्य तों आधीं ठेवून बाकीच्यांना दम घेऊं द्यावा. ह्यांत एक पैचाहि खर्च नाहीं. आपल्या शाळेनें पुढील वर्षीं ही सूचना लेखी करावी, असें आम्ही सुचवितों.

परंतु मुलांनो, तक्रारीचीहि एक वेळ असते. चिठ्ठी निघाली त्या दिवशीं कोणीं हरकत घेतली नाहीं. जिंकलों असतों तर घेतलीहि नसती. सामन्यापूर्वीं सांगितलेला दोष ही सूचना असते, हरल्यानंतर सांगितलेला दोष लोकांना सबब वाटतो, मग तो कितीहि खरा असो. तुमचा दोष खरा होता. म्हणूनच तो वेळेवर सांगावयास हवा होता, आणि तुमच्यापूर्वीं तो आम्हां शिक्षकांना सुचावयास हवा होता.

आतां गोलरक्षकाच्या प्रश्नाकडे वळूं. आम्हीं तें भाकीत केलें होतें, हें खरें आहे. मागील दोन वर्षें संघ पहिल्या फेरींत हरला, एवढ्याच आधारावर आम्ही बोललों. यंदाचा सराव पाहण्यास आम्ही एकदांहि मैदानावर गेलों नव्हतों. ऐझॉलविषयीं बोलणारांना आम्ही वर दोष दिला, तोच दोष आमच्या पदरीं आहे. किंबहुना अधिक, कारण आमचें मैदान हाकेच्या अंतरावर होतें. आणि शिक्षकाचें भाकीत हें पैज घेणाऱ्याच्या भावासारखें निरुपद्रवी नसतें. भाव लेस्टरच्या खेळाडूंना अडवूं शकला नाहीं. पण "हा मुलगा गणितांत कांहीं करणार नाहीं" हें वाक्य एखाद्या मुलाच्या पाठीवर मॅट्रिकपर्यंत बसून राहतें. वीस वर्षांच्या अध्यापनांत अशीं वाक्यें आमच्या तोंडून किती निघालीं असतील, त्याचा हिशेब देवाजवळ आहे.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: सामना तुम्ही हरलां, आणि तो प्रामाणिकपणें हरलां असें लिहून ठेवा. आमच्या भाकिताशीं मात्र तुम्ही जिंकलां. पुढील जून महिन्यापासून सराव पाहण्यास आम्ही मैदानावर येऊं. त्यानंतर भाकीत करावें कीं नाहीं, तें पाहतां येईल.

— एक शिक्षक